शेवटच्या बाकावरून इकरासाठी

संपादकांचा फोन आला तेव्हा मला हसूच फुटलं. म्हटलं, "सर, नोकरीच्या आठवणी रिटायर झाल्यावर लिहितात. मला तर अजून घरचे स्थळं दाखवतायत!" ते म्हणाले, "आत्ताच लिही. नंतर सगळं गुळगुळीत होऊन जातं." पटलं मला. म्हणून औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा शेजारी उघडा ठेवून धडाधड टाईप करतेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या, एक हात पोळीवर आहे.

मी खासदारांच्या ऑफिसात काम करते. रिक्षात हे चुकून तोंडातून गेलं की रिक्षावाला आरशात बघतो आणि म्हणतो, "मग मॅडम, नळाला रोज पाणी कधी?" मी सांगते, दादा, ते महापालिकेचं. "बरं, हा रस्ता?" तो पण आमच्याकडं नाही. "मग तुमचे साहेब करतात तरी काय?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय ना! तर ऐकाच.

आमच्या साहेबांना साहेब कुणी म्हणत नाही, सगळे अण्णा म्हणतात. मंत्री नाहीत, आणि होणार पण नाहीत, हे ते स्वतःच सांगत फिरतात. लोकसभेत त्यांची जागा पार मागं. "माझ्या मागं फक्त भिंत हाय," म्हणतात, "लई चांगली शेजारीण. कधी घोषणा देत नाय." टीव्हीवर कॅमेरा चुकून त्यांच्यावरून गेलाच तर अण्णा दिसत नाहीत, मिशा दिसतात. एवढ्या मोठ्या आहेत.

मंत्र्याला एक खातं असतं. मागच्या बाकावरच्या खासदाराला सगळीच. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसून मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं, मला वाटलेलं आता संविधान, संसद, मोठमोठ्या चर्चा! पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर आलं कांद्याची निर्यात, हिमरू विणणाऱ्यांचं पेन्शन, मोबाईलवरून झालेली फसवणूक, नर्सिंग कॉलेजच्या जागा, आणि फुलंब्रीचे एक काका. काका म्हणाले, "फुलंब्रीला रेल्वेचा थांबा पाहिजे." मी म्हटलं, काका, फुलंब्रीला रेल्वेच नाही. ते अजिबात डगमगले नाहीत. "तेच तर म्हणतोय पोरी. आधी थांबा मंजूर करून ठेवा. मग रेल्वेला यावंच लागंल ना!" मी अण्णांकडं बघितलं. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "लिहून घे. मुद्दा बरोबर हाय."

असे विषय. सकाळचा विषय दुपारपर्यंत डोक्यात राहत नाही. पण एक विषय राहिला. तोच सांगते.

शाहीन आपा बिडकीनहून आल्या होत्या. त्यांचे मिस्टर लोडिंग रिक्षा चालवतात. सोबत इकरा, दुसरीतली, दोन वेण्या, आणि बघायची तर सरळ आपल्या ओठांकडं. शाहीन आपांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं एक मशीन काढून माझ्यापुढं ठेवलं. कानामागं बसतं तसं, त्याला वायर, वायरीच्या टोकाला एक गोल चकती.

आता हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल, म्हणून सांगते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या काही पोरांचं लहानपणीच ऑपरेशन करतात. कानाच्या आत एक भाग बसवतात, तो कायमचा. बाहेरून हे मशीन लावायचं, चकती डोक्याला लोहचुंबकासारखी चिकटते. मशीन आवाज पकडतं आणि आतल्या भागाला पोचवतं. दोन्ही मिळून कान. इकराचं ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट झालं होतं, पहिलं मशीन पण योजनेतूनच. ती ऐकायला शिकली, बोलायला शिकली, शाळेत गेली. आणि मग बाहेरचं मशीन मेलं. दुरुस्त होईना, ते मॉडेल कंपनीनं बंद केलेलं. नव्याचा आकडा ऐकून शाहीन आपा दुकानातच खाली बसल्या होत्या. आणि योजनेत दुसरं मशीन बसत नव्हतं. ऑपरेशन झालं, मशीन दिलं, फाईल बंद.

"मॅडम," शाहीन आपा म्हणाल्या, "पोरगी बोलणं विसरायली."

मला कळलं नाही. म्हटलं, बोलणं कसं विसरेल?

"स्वतःचा आवाज तिला येत नाय ना. आधी 'स' गेला. समोसा म्हणायची, आता अमोआ म्हणती. मग शब्दाचं शेपूट जायला लागलं. आता मला आणि तिच्या अब्बाला समझतं. उद्या आम्हाला पण नाय समझलं तर?"

इकरा आमच्या दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. टेनिसच्या मॅचसारखं. तिला कळत होतं की विषय तीच आहे.

मी अण्णांना फोन केला. नेहमी मी एका दमात सगळं सांगते आणि ते म्हणतात, "श्वास घे." त्या दिवशी नाही म्हणाले. रविवारी बिडकीनला आलेच.

आणि तिथं पहिला घोटाळा मिशांचा! अण्णा खाटेवर बसून इकराला म्हणाले, "काय बेटा, नाव काय तुझं?" इकरा बघतेय, बघतेय, कपाळाला आठ्या. मग आईकडं वळून हातानं खूण केली, हे काहीच बोलत नाहीत! तिला ओठ वाचून समजायचं, आणि अण्णांचे ओठ मिशांच्या आत. शाहीन आपांचा चेहरा पांढरा पडला, खासदाराच्या मिशांना कसं नाव ठेवायचं? मीच सांगितलं. अण्णांनी दोन बोटांनी मिशा वर धरल्या, दोन्हीकडून, पडदा उचलावा तशा, आणि परत विचारलं, "नाव काय?"

"इकर," ती म्हणाली आणि खदखदून हसली. मग तासभर अण्णा तसेच मिशा धरून बोलले. चहा प्यायला सोडायचे, परत धरायचे. इकरानं त्यांना शाळेचं सांगितलं, मांजरीचं सांगितलं, मला अर्धं कळलं. शाहीन आपा शेजारून अर्थ सांगत होत्या.

परत येताना गाडीत अण्णा म्हणाले, "एका पोरीचं मशीन मी कुणाच्याही पाया पडून आणीन. पण योजनेत ही ओळच नसंल तर दर वर्षी किती घरांत असं होणार? नियमच बदलायला पाहिजे. शून्य प्रहर."

शून्य प्रहर म्हणजे दुपारी प्रश्नांचा तास संपला की खासदार आपापले तातडीचे विषय मांडतात तो वेळ. आधी नोटीस द्यायची, मग सोडत निघते. हो, सोडत! भिशीसारखी. नाव निघालं तर पुढं, नाही तर परत नोटीस. आणि निघालं तरी वाट्याला येतात फार तर दोन-तीन मिनिटं. माईक तुमच्या हातात नसतो. अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं की तुमचा माईक बंद, दुसऱ्याचा चालू. त्यामुळं आम्हा भाषणं लिहिणाऱ्यांचं सगळं कसब एकच, प्रास्ताविक छोटं आणि मागणी शेवटी ठळक. मागणी म्हणजे "सरकारनं अमुक करावं" हे वाक्य. ते रेकॉर्डवर गेलं तर मंत्रालयाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. नाही गेलं तर तुम्ही फक्त दुःख सांगितलं, आणि दुःखाला कोण उत्तर देणार?

मी पहिला मसुदा केला त्यात इकरा होती. वेण्या, मांजर, समोसा, सगळं. अण्णांनी वाचला, चष्मा काढला. "प्रज्ञा, एका माणसाची केस चालत नाय. सार्वजनिक महत्त्वाचा विषय पाहिजे. नाव काढ."

नाव काढलं. मग बिडकीन काढलं. मग समोसा. शेवटी उरलं, "अशा बालकांना बाह्य यंत्र बदलून देण्याची तरतूद नाही." मी ते वाक्य वाचून खरंच रडले. अण्णा म्हणाले, "अगं, ती त्या वाक्यात दिसत नाय म्हणून रडू नको. त्या वाक्यातनं तिला बाहेर काढलं तेव्हाच बाकीच्या पोरांना आत जागा झाली." पटलं, पण आवडलं नाही. अजूनही नाही आवडत.

सोडतीत नाव निघेना. रोज नोटीस, रोज नाही. इकडं शाहीन आपांचे फोन. त्या कधी विचारायच्या नाहीत "झालं का", फक्त सांगायच्या. "आज 'र' गेला." "आज बाईंनी शाळेत विचारलं, हिला दुसऱ्या शाळेत घालता का." दुसऱ्या म्हणजे मूकबधिर शाळेत. "घालीन मी, ती पण चांगलीच शाळा असंल. पण मॅडम, तिला येत होतं ना सगळं!"

आणि मग नाव निघालं. यादीत मी नाव बघितलं आणि अण्णांच्या दिल्लीच्या क्वार्टरमध्ये (अधिवेशन असलं की मी तिकडंच असते) अशी ओरडले की शेजारच्या खासदारांचा स्वयंपाकी धावत आला.

मला सभागृहात जाता येत नाही, मी टीव्हीसमोर. अण्णा उभे राहिले. आजूबाजूला नेहमीचा कल्लोळ, पुढं कुणीतरी फलक धरून उभे, तिसरंच काहीतरी चालू. अण्णांची हिंदी म्हणजे औरंगपुऱ्याची हिंदी, पण त्या दिवशी छान लागली होती. योजना सांगितली, ऑपरेशन सांगितलं, मशीन बंद पडतं हे सांगितलं. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदय, उस बच्चे को फिर क्या सुनाई देता है?"

आणि थांबले.

मी कागद बघतेय. हे मी लिहिलंच नव्हतं! अण्णा नुसते उभे. तोंड मिटलेलं. मला क्षणात कळलं ते काय करतायत आणि अंगावर काटा आला. एक क्षण, दोन क्षण... आणि अध्यक्षांचा आवाज आला, "धन्यवाद. पुढचे सदस्य."

अध्यक्षांना वाटलं संपलं! त्यांची काय चूक? एखादा खासदार वेळ शिल्लक असताना आपणहून गप्प बसलाय, असं त्यांनी कधी बघितलं असेल? गोंधळ तर इतका की ती शांतता कुणाच्या कानावर पोचलीच नाही. अण्णांचा माईक बंद. पडद्यावर त्यांचे हात हलताना दिसतायत, मिशा हलतायत, आवाज नाही. मागणी राहिली. अख्ख्या भाषणाचा जीव ज्या वाक्यात होता ते वाक्य राहिलं. मी टीव्हीला हात लावून "अण्णा, अण्णा" करतेय, जसं काही त्यांना ऐकू येणार होतं.

पुढचं नाव होतं अक्कांचं. अक्का म्हणजे दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या खासदार, दुसऱ्या पक्षाच्या, अण्णांच्या बाकाला लागून बसतात. मागच्या बाकांवर पक्षबिक्ष पुढच्यांइतका कडक नसतो. तिथं खोकल्याच्या गोळ्या वाटल्या जातात, नातवंडांचे फोटो दाखवले जातात, एकमेकांची भाषणं तपासली जातात. अण्णांना तमिळ, तेलुगू काही येत नाही, अक्कांना मराठी नाही, दोघांची मिळून एक मोडकी हिंदी आहे, त्यावर सगळं चालतं. अक्कांचा विषय होता त्यांच्या भागातला एक पूल. सोडतीत नाव निघावं म्हणून त्या पण कधीच्या नोटिसा टाकत होत्या, हे मला माहीत होतं.

अक्का उभ्या राहिल्या. शेजारी अण्णा हतबल, हातात कागद. अक्कांनी त्यांच्या हातातून तो कागद घेतला. ओढलाच म्हणा! आणि इंग्रजीत सुरू केलं की माझ्या आधीच्या सन्माननीय सदस्यांची मागणी अपूर्ण राहिली, ती मी त्यांच्या वतीनं आणि माझ्याही वतीनं मांडते. मागणी हिंदीत होती. अक्कांना हिंदी वाचता येत नाही! मग अण्णा खालून सांगतायत, अक्का वरून इंग्रजी करतायत, दोन म्हातारी माणसं एका माईकवर. पण वाक्य गेलं. पूर्ण गेलं. बंद पडलेलं बाह्य यंत्र बदलून देण्याची तरतूद योजनेत करावी.

मग अक्का म्हणाल्या, "आता माझ्या मतदारसंघातल्या पुलाबद्दल..." आणि घंटा वाजली. माईक बंद.

संध्याकाळी अण्णा क्वार्टरवर आले, खुर्चीत बसले. मी पाणी दिलं. "मी मूर्खपणा केला ना गं?" मी समोर खुर्ची ओढून बसले. "मला वाटलं, त्यांना जरा कळावं तिला काय ऐकू येतं. पण एवढ्या आवाजात शांतता कुणाला ऐकू येणार?" पाणी प्यायले. "अक्काचा पूल राहिला माझ्यामुळं."

पण अक्का तिथं थांबल्या नव्हत्याच! दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी अण्णांना विचारलं, ते मशीन कुठल्या कंपनीचं? अण्णांनी मला फोन लावला, मी शाहीन आपांना, शाहीन आपांनी रुमाल सोडून नाव वाचलं. झालं असं की अक्कांच्या राज्यात एका दवाखान्यात एक पद्धत आहे. ज्या पोरांना नवी मशीनं मिळतात, त्यांचे आईबाप जुनी चालू मशीनं दवाखान्यात परत देतात. कुणाचं बंद पडलं तर त्यातलं तात्पुरतं देतात. कंपनी आणि मॉडेल जुळलं पाहिजे, एवढंच. आणि जुळलं! दवाखान्याच्या लोकांनी परराज्यातल्या पोरीला द्यायला आधी का-कू केली, मग अक्कांनी फोन केला. काय बोलल्या माहीत नाही. अण्णा म्हणाले, "मला भाषा कळली नाय, पण सूर आमच्या बिडकीनच्या बायांचा होता."

मशीन आलं. आपल्याकडच्या दवाखान्यात ते इकराच्या कानाला जुळवून घ्यावं लागतं, त्याला बरेच दिवस गेले. रील्समध्ये दाखवतात ना, मशीन लावलं की पोरगं हसतं, आई रडते? तसं काही झालं नाही. इकरा घाबरून रडली, मशीन ओढून काढलं, दोन दिवस लावूच देईना. मग हळूहळू. शाहीन आपांनी मला व्हॉइस नोट पाठवली. त्या जोरजोरात ओरडून बोलतायत, घरात सगळ्यांनाच त्या महिन्यांत ओरडायची सवय लागलेली, "मॅडम! लावलं! आज लावलं!" आणि मागून एक बारीक आवाज, "अम्मी, चिल्लाओ नक्को ना."

ती नोट मी अण्णांना ऐकवली. त्यांनी ती अक्कांना ऐकवली. अक्कांना शब्द कळले नाहीत, म्हणून अण्णा अर्थ सांगायला लागले, तर अक्का म्हणाल्या, "सांगू नका. परत लावा."

मंत्रालयाचं उत्तर आलं. विषय विचाराधीन आहे. विचाराधीन! आमच्या धंद्यात हा शब्द कळला तो टिकला. ना हो, ना नाही. म्हणजे इकराकडचं मशीन उसनंच आहे, नियम बदलेपर्यंत. ते भाषण फोनवर फिरलं तेव्हापासून जालन्याहून, बीडहून आईबापांचे फोन येतात, आमच्या पोराचं पण बंद पडलंय म्हणून. मी प्रत्येकाला कंपनी विचारते, मॉडेल विचारते, आणि प्रत्येक वेळी अक्कांना फोन करायची लाज वाटते, तरी करते. पुढच्या अधिवेशनात अण्णांचं नाव परत निघालं. मी मागणी पहिल्याच वाक्यात लिहिली होती. अण्णांनी ते वाक्य वाचलं, न थांबता, आणि उरलेल्या वेळात अक्कांचा पूल मांडला. गावाचं नाव म्हणायला त्यांना आठवडाभर शिकावं लागलं. तरी चुकलंच, अक्का म्हणतात.

उन्हाळ्यात शाहीन आपा इकराला घेऊन ऑफिसात आल्या. भेटीचा दिवस होता, खोली गच्च. कुणी बदली मागतंय, कुणी पेन्शन, नंबरावरून भांडण जुंपलेलं, सगळे एकदम बोलतायत. इकरा अण्णांच्या टेबलाशेजारी बिस्कीट खात बसलेली. एकाएकी तिनं चकती डोक्यावरून काढली, मशीन कानामागून काढलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि निवांत बिस्कीट खायला लागली.

शाहीन आपा शरमल्या. "अगं घाल ना! अण्णांशी बोलायला आणलंय तुला."

इकरानं मान हलवली आणि गर्दीकडं बोट दाखवलं.

अण्णांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मग उभे राहून म्हणाले, "ओ मंडळी. जरा गप्प बसा. पोरीला बोलायचंय." आणि काय आश्चर्य, बसले सगळे! इकरानं एकेकाचं तोंड बघितलं. सगळी मिटलेली आहेत अशी खात्री झाल्यावर तिनं मशीन परत लावलं. चकती नीट बसवली.

तिनं वर बघितलं. "ये पंखा रोता," ती म्हणाली. 'र' अख्खाच्या अख्खा.

बाहेर मरणाचं ऊन होतं. अण्णांनी उठून पंखा बंद केला. मग तिनं मांजरीचं सुरू केलं, आणि आम्ही सगळे, पेन्शनवाले, बदलीवाले, मी, घाम पुसत ऐकत बसलो.